आधी समेट, मग सभा: मंडळीत ऐक्य, पवित्रता आणि शिष्यत्व परत आणण्याचा क्रम

मंडळी, म्हणजे आपलं चर्च, थंड पडली आहे असं कोणाला तरी वाटतं. कमिटीत विषय निघतो. विश्वास पुन्हा पेटावा म्हणून तीन दिवसांच्या उज्जीवन सभा ठरतात, बाहेरचा वक्ता येतो, शेवटच्या संध्याकाळी बरेच जण डोळे पुसत पुढे येतात. दीड महिना जातो. तीच दोन कुटुंबं पुन्हा समोरासमोरच्या बाकांवर बसून एकमेकांकडे न बघता घरी जातात. मग पुढच्या वर्षी आणखी मोठा वक्ता बोलावला जातो.

सभांमध्ये वाईट काही नाही. चुकतो तो क्रम. अर्पण घेऊन वेदीजवळ उभे असताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथंच ठेवून आधी समेट करायला जा, असं येशूने सांगितलं (मत्तय ५:२३-२४). आपण अर्पणही देतो, गाणीही म्हणतो आणि समेट देवावर सोपवून घरी जातो. इब्री १२:१४ मध्ये शांतता आणि पवित्रीकरण या दोन्हींच्या मागे लागायला एकाच दमात सांगितलं आहे. मूळ ग्रीकमध्ये दोन्हींना मिळून क्रियापद एकच आहे. आपण मात्र पवित्रतेवर एका महिन्यात संदेश ठेवतो, ऐक्याचा रविवार दुसऱ्या महिन्यात आणि शिष्यत्वाचा कोर्स जमलं तर पुढच्या वर्षी.

इतिहासात शिरायचं नाही, पण क्रमासाठी एक उदाहरण पुरे. १७२७ साली जर्मनीत सॅक्सनीतल्या हर्नहुट वसाहतीत आश्रयाला आलेले विश्वासणारे आपसांत इतके भांडत होते की वसाहत मोडायची वेळ आली होती. त्या जमिनीचा मालक, सरदार झिन्झेनडॉर्फ, घरोघर जाऊन बसला, बोलला. १२ मे रोजी सगळ्यांनी एकत्र राहण्याच्या करारावर सह्या केल्या. ज्या प्रभुभोजनाच्या उपासनेची आठवण तिथून वाढलेली मोराव्हियन मंडळी आजही काढते, ती झाली १३ ऑगस्टला. आधी उंबरे झिजले, मग उज्जीवन आलं.

खालच्या कामाला जवळजवळ दोन वर्षं लागतात. कोणाला तीन महिन्यांत उरकायचं असेल तर त्याने सभाच घ्याव्यात.

सुरू करण्यापूर्वी: चार आठवड्यांची पाहणी

तीन ते पाच माणसं एकत्र या. त्यात पाळक असतील तर उत्तम, नसतील तर निदान त्यांची संमती घ्या. पाळकांच्या पाठीमागे सुरू झालेला पवित्रतेचा गट बहुधा वर्षभरात वेगळी मंडळी काढतो, आणि ऐक्यासाठी निघालेली माणसं फुटीचं कारण होतात.

गटाला नाव देऊ नका. बॅनर नको, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप नको, रविवारी घोषणाही नको. गटाला नाव पडलं की उरलेली मंडळी त्याच दिवशी ‘त्यांच्यात नसलेली’ होते.

चार आठवडे, आठवड्यातून एकदा, तासभर प्रार्थना करा आणि पुढच्या प्रश्नांची खरी उत्तरं शोधा:

- कोण कोणाशी बोलत नाही, आणि किती वर्षांपासून?
- गेल्या दोन वर्षांत कोण यायचं थांबलं? त्यांच्या घरी कोणी गेलं का?
- मंडळीच्या हिशेबाबद्दल साध्या सभासदाने प्रश्न विचारला तर त्याला उत्तर मिळतं की टोमणा?
- झाडलोट नेहमी कोण करतं आणि माईक नेहमी कोणाच्या हातात असतो?
- कोणत्याही दहा जणांना विचारा: “तुम्हाला विश्वासात चालायला कोणी हाताला धरून शिकवलं? आणि आज तुम्ही कोणाला शिकवता?”

शेवटच्या प्रश्नाला बहुतेक जण संडेस्कूलच्या बाईंचं नाव घेतात आणि दुसऱ्या भागापाशी गप्प होतात. ही शांतता लक्षात ठेवा. चौथ्या टप्प्यात तिची गरज पडेल.

उत्तरं एकाच कागदावर, एकाच माणसाकडे राहू द्या. त्याचा फोटो काढायचा नाही. हा कागद आरोपपत्र म्हणून बाहेर आला तर पुढचं सगळं तिथंच संपलं.

*तपासणी:* ‘कोण कोणाशी बोलत नाही’ या यादीत तुमच्यापैकी एकाचंही नाव नसेल तर पाहणी नीट झालेली नाही. पुन्हा करा.

टप्पा १: पुढाऱ्यांपासून सुरुवात

१ तीमथ्य ३:२-७ मधली मंडळीच्या अध्यक्षाच्या पात्रतेची यादी सावकाश वाचा. ‘शिकवण्यात निपुण’ ही एक गोष्ट सोडली तर जवळजवळ सगळं वागणुकीबद्दल आहे: घर कसं चालवतो, पैशाचा लोभ आहे का, भांडखोर आहे का, बाहेरच्या लोकांत त्याचं नाव कसं आहे. आपण निवडताना बरोबर उलट बघतो. बोलतो चांगला, गळा चांगला, ओळखी मोठ्या. बाकीचं सांभाळून घेऊ.

पाळक, वडील (मंडळीचे नेमलेले पुढारी), कमिटीचे सभासद यांनी पूर्ण एक दिवस एकत्र काढावा. कार्यक्रमपत्रिका लहान ठेवा:

१. स्तोत्र १३९:२३-२४ वाचून अर्धा तास प्रत्येकाने एकटं बसायचं. फोन बाहेरच्या खोलीत.

२. प्रत्येकाने तीन प्रश्नांची उत्तरं लिहायची: या खोलीतल्या कोणाबद्दल माझ्या मनात अढी आहे? मंडळीचा पैसा, पद किंवा वस्तू मी स्वतःची समजून वापरली आहे का? माझ्या घरातली माणसं माझं प्रवचन ऐकताना मनात काय म्हणत असतील?

३. दुपारनंतर दोघादोघांनी बसायचं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर ज्याच्याबद्दल आहे, त्याच्यापाशीच जायचं.

४. जे परत करायचं आहे ते कधी आणि कसं, याची तारीख ठरवायची.

चौथा मुद्दा बहुतेक ठिकाणी गळतो. रडणं होतं, मिठ्या होतात, प्रार्थना होते, आणि मंडळीच्या नावावरचा पैसा ज्याच्याकडे होता त्याच्याकडेच राहतो. गणना ५:६-७ मध्ये कबुलीबरोबर पूर्ण भरपाई आणि वर पाचवा हिस्सा सांगितला आहे. लोकांना लुबाडलेल्या जक्कय जकातदाराने तर चौपटीची भाषा केली (लूक १९:८), आणि त्यानंतर येशू म्हणाला की आज या घराला तारण प्राप्त झालं आहे.

*सावधान:* पाप जेवढ्या लोकांपर्यंत पोचलं तेवढ्यांसमोरच कबुली. मनात आलेला हेवा भर उपासनेत माईकवरून सांगण्याची गरज नाही. त्यात दुसऱ्याचंही नाव निष्कारण उघडं पडतं. मंडळीच्या पैशाबद्दलची चूक मात्र खोलीत मिटवून चालत नाही, कारण पैसा मंडळीचा होता.

*तपासणी:* हा दिवस होऊन महिना झाला. ठरलेल्या तारखा पाळल्या गेल्या का? नसतील तर दुसऱ्या टप्प्याला हात लावू नका. लोक वडिलांकडे बघत असतात.

टप्पा २: समेट

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. पाच-सहा महिने लागले तरी चालतील.

इफिस ४:३ मध्ये प्रेषित पौल ऐक्य ‘राखायला’ सांगतो, निर्माण करायला नाही. ते आत्म्याने आधीच दिलेलं आहे. म्हणून संयुक्त कार्यक्रम, एकरंगी टी-शर्ट आणि सहली यांनी ऐक्य येईल या भरवशावर राहू नका. जिथं ते फाटलं आहे तिथं जाऊन टाके घालायचे आहेत, तेही एकेक करून.

*कोण आधी जायचं?* मत्तय ५ मध्ये ज्याने दुखावलं तो उठून जातो. मत्तय १८:१५ मध्ये ज्याला दुखावलं तो उठून जातो. दोघांनीही ऐकलं तर त्यांची गाठ वाटेतच पडावी. ‘चूक त्याची आहे, त्याने यावं’ या वाक्याला दोन्ही ठिकाणी जागा नाही.

मत्तय १८ च्या पायऱ्या आपल्याला पाठ आहेत आणि आपण त्या सर्रास उलट्या चढतो: आधी मंडळीला सांगतो, मग दोन-चार जणांना आपल्या बाजूला घेतो, आणि ज्याच्याशी बोलायचं त्याच्याशी कधीच बोलत नाही. सरळ क्रम असा:

*पायरी शून्य.* स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ (मत्तय ७:३-५). या भांडणात माझा वाटा किती, हे एका वाक्यात लिहून काढा. दहा टक्के वाटला तर त्या दहा टक्क्यांची क्षमा मागायला जायचं आहे, उरलेल्या नव्वदाचा हिशेब घ्यायला नाही.

*पायरी पहिली: एकांतात, प्रत्यक्ष.* फोनवर नको, मेसेजवर तर नकोच. आधी वेळ मागून घ्या. घटना एकच घ्या, तारखेसकट: “त्या सभेत मी तुमच्या मुलाबद्दल सगळ्यांसमोर बोललो. ते चुकीचं होतं. मला क्षमा करा.” याच्या पुढे ‘पण’ आला की क्षमा संपली आणि खटला सुरू झाला. “माझं काही चुकलं असेल तर” हेही चालत नाही. चुकलं आहे की नाही हे पायरी शून्यवर ठरलेलं असतं. अशी ‘असेल तर’ वाली क्षमा मी स्वतः एकदा मागितली होती. समोरच्या काकांनी शांतपणे विचारलं, “म्हणजे नक्की काय चुकलं, ते तू सांगणार की मी?” मला परत जावं लागलं.

*पायरी दुसरी: एक किंवा दोन साक्षीदार.* साक्षीदार म्हणजे आपल्या बाजूचं बळ नव्हे. दोघांनाही मान्य असलेली, कमी बोलणारी माणसं निवडा. फिलिप्पै ४:२-३ मध्ये पौल आपसांत न पटणाऱ्या युवदीया आणि सुंतुखे या दोघींना नाव घेऊन विनंती करतो आणि लगेच तिसऱ्या माणसाला सांगतो, की यांना मदत कर. कोण बरोबर हे तो लिहीत नाही. मध्यस्थाने दोघांना आलटून पालटून दहा-दहा मिनिटं द्यावीत. ऐकणाऱ्याने आधी ऐकलेलं परत सांगावं, “होय, हेच म्हणायचं होतं” असं उत्तर आलं की मगच आपली बाजू मांडावी. नुसत्या या एका नियमाने निम्मी भांडणं खाली बसतात.

*पायरी तिसरी: मंडळी.* इथंवर फार कमी प्रकरणं यावीत. तुमच्याकडे दर महिन्याला येत असतील तर पहिल्या दोन पायऱ्या कोणी चढतच नाही.

*शेवटची पायरी.* मंडळीचंही ऐकलं नाही तर त्याला ‘विदेशी व जकातदार’ यांच्यासारखा समज, हे वाक्य लोक कुऱ्हाडीसारखं वापरतात. ते ज्या शुभवर्तमानात आहे त्यावर जकातनाक्यावरून उठवून बोलावलेल्या मत्तयाचं नाव आहे (मत्तय ९:९). शिस्त खरी असू द्या, जबाबदारीचं पद काढून घ्या, पण त्या घरी जाणं थांबवू नका.

*सावधान:* मारहाण, लैंगिक अत्याचार, लहान मुलांशी गैरवर्तन अशा प्रकरणांत पीडित व्यक्तीला ‘आधी एकांतात जाऊन बोल’ असं कधीही सांगू नका. मत्तय १८ हा गुन्हेगाराला मिळालेला आडोसा नाही. आधी त्या व्यक्तीला सुरक्षित करा, कायद्याने नेमलेल्या यंत्रणेला कळवा, आणि आरोप असलेल्याला सेवेपासून दूर ठेवा. मंडळीचं नाव जाईल म्हणून झाकलेलं प्रकरण पुढे मंडळीला जास्त महागात पडतं, आणि त्या पीडित व्यक्तीला सगळ्यात जास्त.

क्षमा आणि विश्वास यांचीही गल्लत होते. क्षमा आजच देता येते. विश्वास हळूहळू परत येतो. खजिनदाराने घोटाळा केला, कबूल केला, पैसे भरले: त्याला क्षमा करा, प्रभुभोजनात शेजारी बसवा, पण तिजोरीची किल्ली लगेच परत देऊ नका. यात प्रीतीचा अभाव नाही.

गटागटांची तक्रार असेल (भाषेवरून, घराण्यावरून, जुने-नवे यांवरून) तर दोन माणसांच्या भेटीने काम भागत नाही. प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जात होतं. प्रेषितांनी ऐक्यावर प्रवचन दिलं नाही. वाटपाची व्यवस्था बदलली, मंडळीकडून सात जण निवडून घेतले, आणि सातही नावं ग्रीक आहेत. तक्रार ज्यांची, त्यांच्याच लोकांच्या हाती कारभार गेला. तुमच्या कमिटीतली नावं एकदा याच डोळ्यांनी वाचा.

सगळे मतभेद मिटवायचे नाहीत, हेही सांगून ठेवतो. रोम १४ मध्ये खाण्यापिण्याबद्दल आणि सणवारांबद्दल दोन मतं राहू दिली आहेत. मनाई आहे ती एकमेकांना तुच्छ मानण्याला आणि दोषी ठरवण्याला. टाळ्या वाजवायच्या की नाही यावर मंडळी फुटत असेल तर भांडण टाळ्यांचं नसतं. खाली काय आहे ते शोधा.

*तपासणी:* पुढच्या प्रभुभोजनाच्या दोन आठवडे आधी जाहीर करा, की ज्यांना कोणाकडे जायचं आहे त्यांनी या दोन आठवड्यांत जाऊन यावं. १ करिंथ ११ मध्ये पौलाची तक्रार नेमकी हीच होती, की फुटीसकट जेवायला बसता. पाहणीतल्या यादीत निदान निम्मी नावं खोडली गेली असतील तर पुढे चला.

टप्पा ३: पवित्रता, तिघातिघांत

‘पवित्र असा, कारण मी पवित्र आहे’ हे १ पेत्र १:१६ मधलं वचन लेवीयातून आलं आहे. लेवीय १९ उघडा आणि हेच वाक्य म्हटल्यावर देव पुढे कशाबद्दल बोलतो ते मोजा: शेताच्या कडेचं पीक गरिबांसाठी सोडा, मजुराची मजुरी रात्रभर ठेवू नका, बहिऱ्याला शिव्या देऊ नका, चुगल्या करत फिरू नका, वजनमापं खरी ठेवा, शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती करा. आपल्या पवित्रतेच्या संदेशांत मुलींचे कपडे आणि तरुणांचे मोबाईल हमखास येतात. मजुरी आणि वजनमापं मी तरी क्वचितच ऐकली आहेत.

म्हणून या टप्प्यात नियमावली काढू नका. तिघातिघांचे गट करा. पुरुष वेगळे, स्त्रिया वेगळ्या, आणि नवरा-बायको किंवा मालक-नोकर एकाच गटात नकोत. दर आठवड्याला सव्वा तास:

- पंधरा मिनिटं: एकच परिच्छेद वाचायचा. सुरुवात इफिस ४:२५-३२ पासून करा.
- पंचेचाळीस मिनिटं: प्रत्येकाला पंधरा. प्रश्न चार. या आठवड्यात कुठं खोटं बोललात? पैशाबाबत असं काय केलंत जे उघडं व्हायला नको वाटतं? कोणाबद्दल पाठीमागे बोललात? शरीराच्या वासनेशी झुंज कुठं हरलात?
- पंधरा मिनिटं: एकमेकांसाठी नाव घेऊन प्रार्थना. याकोब ५:१६ मध्ये कबुली आणि प्रार्थना शेजारी आहेत, आणि पुढे आहे ‘यासाठी की तुम्ही निरोगी व्हावे’.

अशा गटांचा उगम गमतीदार असू शकतो, हे जाता जाता. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीच्या लोकांनी १७४२ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये बारा-बारा जणांचे गट पाडले ते इमारतीचं कर्ज फेडायला, आठवड्याला एक पेनी गोळा करण्यासाठी. पेनी मागायला घरोघर गेलेल्यांना लोकांचं खरं जगणं दिसलं, आणि वर्गणीचा गट आत्म्याच्या विचारपुशीचा गट झाला.

कबुलीवर गट थांबला की तो दर आठवड्याला तेच पाप ऐकणारा गट होतो. इफिस ४:२८ बघा: चोरी करणाऱ्याने चोरी थांबवावी, हातांनी काम करावं, आणि गरजवंताला द्यायला जवळ काही ठेवावं. टाकायचं काय, त्या जागी धरायचं काय, आणि त्याचा दुसऱ्याला उपयोग काय, अशा तीन गोष्टी. प्रत्येक कबुलीनंतर बाकीच्या दोघांनी विचारायचं: “मग त्या जागी काय करशील? कधी?” निंदेची सवय असलेल्या एका बहिणीने ठरवलं, की ज्याच्याबद्दल बोलले त्याच्याबद्दल त्याच दिवशी, त्याच माणसाजवळ एक खरी चांगली गोष्ट सांगायची. तिसऱ्या आठवड्यापर्यंत तिचं बोलणं निम्मं झालं होतं, ती स्वतःच हसत सांगत होती.

नेहमीच्या चुका:

*दुसऱ्याचं पाप कबूल करणं.* “माझी सासू अशी वागते, म्हणून मला राग येतो” ही सासूची कबुली झाली. थांबवा, हळूच.

*प्रार्थनाविनंतीच्या रूपातली चुगली.* “अमक्यासाठी प्रार्थना करा, त्याच्या घरी काय चाललंय माहीत आहे ना...” गटातलं बाहेर जाणार नाही हा पहिल्या दिवशीचा नियम. एकदा मोडला की गट तिथं संपला असं समजा. उगाच ओढू नका.

*गुप्ततेचं आंधळं वचन.* कोणाच्या जिवाला धोका, लहान मुलाला इजा, स्वतःला संपवण्याचा विचार या गोष्टी गटात ठेवल्या जाणार नाहीत, हेही पहिल्याच दिवशी सांगा.

*व्यसनाला फक्त प्रार्थना.* दारू वर्षानुवर्षांची असेल तर अचानक सोडताना शरीर धोक्यात येऊ शकतं. डॉक्टर लागतो. गटाने दवाखान्यात सोबत जावं.

*धक्का बसल्याचा चेहरा.* एखाद्याने धीर करून सांगितलं आणि समोरच्याच्या भुवया वर गेल्या, तर तो पुन्हा तोंड उघडणार नाही. गलती ६:१ मध्ये पडलेल्याला सौम्य वृत्तीने ताळ्यावर आणायला सांगितलं आहे. तिथला मूळ शब्द मार्क १:१९ मध्ये जाळी नीट करणाऱ्या कोळ्यांसाठी आला आहे. जाळं कोणी झटके देऊन शिवत नाही.

*तपासणी:* तीन महिन्यांनी घरच्यांना विचारा, गटातल्यांना नको. बायकोला, मुलांना, हाताखालच्या माणसाला काही फरक दिसतो का? त्यांना दिसत नसेल तर गटात फक्त बोलणं चाललं आहे.

टप्पा ४: शिष्य करणं

आता पाहणीतली ती शांतता आठवा.

मत्तय २८:१९-२० मध्ये मुख्य आज्ञा एकच आहे: शिष्य करा. जाणं, बाप्तिस्मा देणं, शिकवणं ही त्याभोवतीची कामं आहेत. शिकवणंही कसं, तर ‘पाळायला’ शिकवणं. शत्रूंवर प्रीती करण्याबद्दल चाळीस मिनिटांचा संदेश देता येतो. एखाद्याला शत्रूच्या दारापर्यंत सोबत नेणं वेगळं.

१. *निवड.* एका अनुभवी विश्वासणाऱ्याकडे दोन ते चार जण, जास्त नाहीत. हुशार आणि बोलके शोधू नका. दिलेलं छोटं काम वेळेवर करणारे शोधा. २ तीमथ्य २:२ मध्ये अट आहे विश्वासूपणाची आणि दुसऱ्यांना शिकवण्याच्या क्षमतेची. त्या एका वचनात चार पिढ्या आहेत: पौल, तीमथ्य, विश्वासू माणसं, आणि इतर.

२. *मुदत.* बारा महिने, सुरुवातीलाच सांगून. बिनमुदतीचा गट चहापानाचा गट होतो.

३. *पद्धत.* दर पंधरवड्याला येशूची एकच आज्ञा. पहिल्या भेटीत वाचायची, तिचा अर्थ बोलायचा आणि प्रत्येकाने पंधरा दिवसांत करायची एक ठोस कृती लिहायची. दुसऱ्या भेटीची सुरुवात नव्या धड्याने नको. “केलंस का? काय झालं?” इथून सुरुवात. येशूने बारा जणांना पाठवलं, ते परत आले आणि काय काय केलं ते त्याला सांगितलं (लूक ९:१-१०). पाठवणं आणि परत येऊन सांगणं यांतलं दुसरं आपण नेहमी विसरतो.

४. *सोबत.* मार्क ३:१४ मध्ये बारा जणांना नेमण्याचं पहिलं कारण आहे ‘त्यांनी आपल्याजवळ असावं’ म्हणून. आजाऱ्याच्या भेटीला जाताना, भांडण सोडवायला जाताना, अंत्यविधीला जाताना एकाला बरोबर घ्या. परतीच्या वाटेवर तो जे प्रश्न विचारतो ते वर्गात कधीच विचारणार नाही.

५. *हात सोडणं.* सातव्या-आठव्या महिन्यापासून भेट त्यांनाच चालवू द्या, तुम्ही गप्प बसा. चुकलं तर नंतर एकट्याला सांगा.

*सावधान:* शिष्य ख्रिस्ताचा, तुमचा नव्हे. लग्न, नोकरी, घर याबाबत तुमच्या परवानगीवाचून पान हलत नसेल तर ते शिष्यत्व नाही, ताबा आहे. करिंथच्या मंडळीत शिक्षकांच्या नावाने ‘मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा’ असं सुरू झालं तेव्हा पौलाने स्वतःच्या नावाचा गटही मोडून काढला.

दुसरी चूक साधी आहे: पुढारी फार बोलतो. एका भेटीत घड्याळ लावून बघा. निम्म्याहून जास्त वेळ तुमचाच आवाज असेल तर प्रवचन रविवारसाठी राखून ठेवा.

*तपासणी:* बारा महिन्यांनंतर गटातल्या निदान एकाने स्वतःचे दोन जण घेतले आहेत का? घेतले नसतील तर नवा अभ्यासक्रम आणू नका. त्याला अडवतंय काय ते विचारा. बहुतेक वेळा उत्तर येतं, “मी अजून तयार नाही.” येशूचे बाराही शिष्य तयार नव्हते.

टप्पा ५: रविवारच्या उपासनेत

इथं फार सांगण्यासारखं नाही. उपासनेत पापांगीकाराच्या वेळी खरी दोन मिनिटं शांतता ठेवा. ऑर्गनवाल्याला आधी सांगून ठेवा, नाहीतर तो ती भरून काढतो. हिशेब तिमाहीला फलकावर लावा. बाप्तिस्मा किंवा दृढीकरण (विश्वासाची जाहीर कबुली देण्याचा विधी) झालेल्या प्रत्येकाला त्याच आठवड्यात तिघांच्या एखाद्या गटात जागा द्या. महिन्यातून एकदा साक्ष ठेवा, पण अटीवर: चमत्काराची आणि नोकरी लागल्याची साक्ष इतर दिवशी, या दिवशी फक्त ‘मी अमुक आज्ञा पाळायला गेलो आणि काय झालं’ एवढंच. फसलेली साक्षही चालेल. शेजारच्या दुसऱ्या पंथाच्या मंडळीबरोबर काही करायचं तर एकत्र मेळाव्यापेक्षा दोन्ही पाळकांनी महिन्यातून एकदा एकमेकांसाठी प्रार्थना करणं आधी सुरू करा, आणि तिकडून इकडे आलेल्या कुटुंबाला आनंदाने दाखल करून घेण्यापूर्वी तिकडच्या पाळकांना एक फोन करा.

काम अडलं तर

*पाळक तयार नसतील:* त्यांच्याविरुद्ध काहीही उभं करू नका. स्वतःच्या कुटुंबात आणि दोन मित्रांबरोबर तिसरा टप्पा सुरू करा. पाळकांना तसं सांगून. दर महिन्याला त्यांच्या घरी जा, काही मागायला नको, त्यांच्यासाठी प्रार्थना करायला. अनेक पाळक नको म्हणतात कारण पूर्वी अशाच एका गटाने त्यांना घायाळ केलेलं असतं.

*दुसऱ्या टप्प्यात एखादा अजिबात भेटायला तयार नसेल:* ‘तुमच्याकडून होईल तितकं’ शांततेने राहा, असं रोम १२:१८ म्हणतं. तुमची क्षमा मागून झाली असेल तर त्याचं दार ठोठावत राहू नका. वर्षाने पुन्हा एकदा जा.

*गट पातळ झाले, लोक यायचे थांबले:* दोन गट एकत्र करून सहाचा करू नका. सहात कोणी कबूल करत नाही. तिघांचा एक गट बंद पडला तर पडू द्या आणि उरलेल्याला दुसरीकडे जागा द्या.

यानंतर उज्जीवन सभा घ्यायच्या असतील तर जरूर घ्या. वक्त्याला निमंत्रण पाठवण्याआधी एक यादी तयार ठेवा: शेवटच्या संध्याकाळी जे पुढे येतील त्यांच्याकडे दुसऱ्या दिवशी कोण जाणार, आणि त्या आठवड्यात ते कोणत्या तिघांत बसणार. तीस जण पुढे येतील असा अंदाज असेल आणि जागा बाराच असतील, तर सभा सहा महिने पुढे ढकला आणि तोवर आणखी गट उभे करा.